भेगेत उतरलेलं तेल

१४ मे
वर्क ऑर्डर हातात! कॅन्टोन्मेंटमधल्या जुन्या लष्करी वर्कशॉपची जागा साफ करायची. वर्षानुवर्षं गाड्यांचं जळकं तेल मातीत मुरलंय. कंत्राट सांभाळणार मी. एकटी! शेठ म्हणाले, हे नीट पार पाडा, पुढची लष्करी कामं सगळी तुमचीच. जामखेडला आईला फोन केला. "लष्कराचा कचरा? म्हंजी बॉम्ब का गं?" हसून हसून बेजार.

१८ मे
काम सुरू. करारात वरची एक मीटर माती काढायचं ठरलंय. खालची तपासणीत स्वच्छ निघाली होती. पोती सीलबंद, दोन ट्रक रवाना. ऊन मरणाचं, पण मजा येतेय.

२३ मे
मीटर पुरा. काम पूर्ण झाल्याचा दाखला मागायला निघाले तर भामाबाई खड्ड्यात बसलेल्या. खर्ड्याच्या, ऊसतोड संपली की आमच्याकडे मजुरीला येतात. सुतळीला दगड बांधून भेगेत सोडत होत्या. "आमी हिरीचं पानी आसंच बघतो. लई खोल हाय ही." सुतळी वर आली ती काळीकुट्ट. वास घेतला. तेल!

तपासणीची फाइल काढली. नमुने गेल्या ऑगस्टमधले. पावसात काळी माती फुगते, भेगा मिटतात, मग भेगेतून खाली गेलेलं तेल नमुन्यात येणार कुठून? आणि नमुने घेतले कोणी? मीच! काळ्या रानात वाढलेली मी, एवढं कळू नये? लाज वाटली. पण धडधड त्याहून जास्त. सापडलं तरी!

२४ मे
शेठ : "करारात मीटर आहे, मीटर काढला. खड्डा बुजवा." पलीकडे जवानांच्या क्वार्टर्सची पिण्याच्या पाण्याची बोअर आहे म्हटलं. तर म्हणाले, "चूक तुमची निघेल. कंत्राट जाईल, बघा."

२६ मे
जागा ज्यांच्या ताब्यात, त्या कर्नलसाहेबांना पत्र दिलं. साइट इन्चार्ज म्हणून सही माझी. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत. खालची माती पुन्हा तपासा, करार दुरुस्त करा. देऊन आले आणि हलकं वाटलं.

२७ मे
कर्नलसाहेब स्वतः खड्ड्यात उतरले! भामाबाईंकडून सुतळी घेतली, सोडली, काळी झालेली बोटं बघत राहिले. "कंत्राट तुमच्याकडे राहील का, आज सांगता येणार नाही. पण पाऊस पडून भेगा मिटायच्या आत किती खोल गेलंय ते मोजाल?"
"मोजते!" एवढ्या मोठ्यानं ओरडले की गेटवरचा जवान वळून बघायला लागला.
निघताना भामाबाई : "आन् आपलं काम ऱ्हाईल का, म्याडम?"
माहीत नाही म्हटलं. सकाळी सहाला या.