काढ्याचं भांडं

मेइशान, १२ नोव्हेंबर

प्रिय यूलान,

खुशाल असशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. मुळ्याचं लोणचं यंदा छान मुरलंय, पण खायला मी एकटीच. जिंगबो शांघायहून रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का?" विचारतो आणि ठेवतो.

गुडघे फार धरलेत. वैद्य ओउयांगांकडे जाते. म्हातारा खवीस आहे. नाडी बघण्याआधी रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा टेबलावर काढायला लावतो. "लपवलंत तर औषध माझं नि मरण तुमचं," म्हणतो.

लपवलं होतं गं मी. शेजारणीच्या उरलेल्या पुडीतलं वचनागाचं मूळ आपल्याच मनानं उकळलं. तिला गुण आला, मला का नाही येणार? ते कितीतरी वेळ शिजवावं लागतं, नाहीतर विषच. मी भाताबरोबर चढवलं नि भाताबरोबर उतरवलं. आधी ओठ बधिर झाले, मग जीभ. हाक मारायला गेले तर तुझंच नाव आलं तोंडात. घरात कोणी नव्हतं. दारापर्यंत सरपटत गेले, तेव्हा शेजारणीनं पाहिलं आणि दवाखान्यात नेलं.

आता बरी आहे. वैद्यांनी खूप झापलं. मग सौम्य औषधाची पुडी दिली. "ही एकटीनं चढवायची नाही. घरात कोण आहे?" मी पुडी पिशवीत भरायला लागले. "मग आधी माणूस बघा," म्हणाले. पुडी फळीवर तशीच आहे.

भांडं मात्र तुझंच आहे. उसनं आणलेलं काढ्याचं भांडं कोणी परत नेऊन देत नाही, दुखणं दारात ठेवल्यासारखं होतं. जिंगबो शहरात वाढलेला, त्याला काय ठाऊक. घासूनपुसून, संत्री भरून, ऐन नववर्षाला तुझ्या उंबऱ्यावर ठेवून आला. त्याच वसंतात तुझा लेक देपेइ गेला. भांडं तू रिक्षावाल्याच्या हाती परत धाडलंस, एक शब्दही नाही. तुझा राग मला कळतो. पण यूलान, देपेइसाठी मीही रडले आहे, इथे, एकटीच.

भांडं मी आणून देणार नाही, मेले तरी. न्यायला तुलाच यावं लागेल. भांड्याची धनीण आजारी पडली की ते न्यायला येते, असा आपला रिवाज. तू तो मोड. धडधाकट असतानाच ये, आणि काढा उकळेपर्यंत बस.

चूल न पेटवता थांबलेली,
तुझी ताई