दोन सीटांमधली नळी

५ ऑक्टोबर, रविवार

दादाने पाना फेकून मारला! डोळा थोडक्यात वाचला. कानामागे टेंगूळ आलंय.

कारण काय, तर नळी. सुटे भाग जोडून आम्ही दोघं घरीच करतोय ती दोन सीटांची गाडी — इंजिन मागे, रेडिएटर पुढे. गरम पाणी पुढे न्यायला एक लांब नळी, गार होऊन परत यायला दुसरी. या शहाण्याने गरम नळी आडव्या दांडीवरून वर उचलून नेली. मी म्हटलं, "दादा, तिथं हवा अडकंल. पाणी फिरायचं नाय." "तू मला नको शिकवू!" केली सुरू. तापमानाचा काटा लालवर, आणि उकळतं पाणी थेट छताला! नळाला आठवड्याने पाणी येतं. आईने राखून ठेवलेला अर्धा ड्रम गेला. आणि पाना मला!

आई म्हणते, "थोरला भाऊ हाय. मारलं तर काय झालं?"

६ ऑक्टोबर

बोलत नाही त्याच्याशी. कंपनीत दिवसभर मशीनवर होते, तरी हात शिवशिवत होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

तो बाहेर गेल्यावर सगळं उपसलं. इंजिन मी बांधलंय, नळ्याही मीच टाकणार. दोन्ही खालून, सीटांच्या मधल्या बोगद्यातून. कुठे उंचवटा नाही, दुमड नाही, सायलेन्सरपासून हातभर लांब. पाण्याची टाकी सगळ्यांत उंच. नळी जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराची कडी बसवली, नाहीतर पत्र्याची धार नळी कापते. सुरू केली — काटा मध्यावर, हलायचं नाव नाही! नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी शेजारचे मुख्तारभाई बघायला आले. दादा ऐटीत, "जरा डोकं लावलं, झालं." मी म्हटलं, "खोटं बोलतोय! मी केलंय सगळं."

त्यांच्यासमोर थोबाडीत दिली. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्याने केस धरून माझं तोंड टायरच्या रिमवर आपटलं. मुख्तारभाई मध्ये पडले. "अरे शिवराज, बहन है तेरी!"

ओठाला टाके पडले.

१४ ऑक्टोबर

चहासुद्धा गिळवत नाही. त्याचे पाय भाजले पाहिजेत. सालटं निघेपर्यंत. एकदाच!

१९ ऑक्टोबर, रविवार

केलं.

बोगद्याचं झाकण काढलं, ती रबराची कडी काढून माझ्या पान्यांच्या पेटीत टाकली आणि गरम नळी पत्र्याच्या धारेला टेकवली. खड्ड्यांत घासत घासत कापेल आणि उकळतं पाणी चालवणाऱ्याच्या पायावर. झाकण लावल्यावर कुणाच्या बापाला कळत नाही. गाडीत सीट एकच बसवलीये, त्याची. राग आंधळा असतो म्हणतात. मला तर सगळं लख्ख दिसत होतं.

मग हात धुऊन आईबरोबर चकल्या पाडल्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळायचं नव्हतंच. आईने ताट हातात कोंबलं. दादाने ताटात काहीच टाकलं नाही. म्हणाला, "बाहेर चल."

दुसरी सीट! लाल कव्हरची. "ही तुझी, विशे. नळ्या तू टाकल्या ना? मग पहिली फेरी तुझी." मनगटावर माझे दात अजून दिसत होते. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आई पुढे. "व्हय बाजूला. पहिला मान माझा. बिडकीनला माझ्या भावाला ओवाळायचंय."

तोंड उघडलं होतं मी. पण सांगितलं तर हा आज जिवंत सोडत नाही, असं वाटलं. म्हटलं, इतक्या लवकर थोडीच कापणार? आल्यावर कडी बसवू गुपचूप.

आई बसली. पदर खोचला, ओवाळायचं ताट मांडीवर घेतलं. गाडी गल्लीतून वळली. फोन करायचा धीर होत नाही. अजून आले नाहीत.

२५ ऑक्टोबर

आईचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजलेत. दादाचा डावा. डॉक्टर म्हणतात, आईला चालायला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

दादा लंगडत घरी आला. ओढून आणलेल्या गाडीच्या बोगद्याचं झाकण उघडून पाहिलं, मग माझी पेटी उघडली. कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली.  नंतर दवाखान्यात माझ्यासमोर मामाला म्हणाला, "कडी बसवायची मीच विसरलो."

अजून हात उचललेला नाही त्याने. मी वाट बघत बसले आहे.