बेकरी सोडून अंतराळात

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांच्या कृपेने मनातल्या मनात घातलेला, पोचला असं समजावं). रक्तदाब कसा आहे? डोळ्यांत थेंब घालता ना, की बाटलीच्या तोंडाकडे नुसतं बघता? आम्ही इकडे सुखरूप. तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत, म्हणजे दोन वेळा जेवतात आणि मधल्या वेळात माझ्या चुका काढतात. मी मात्र ठीक नाही. तीन रविवार झाले, बेकरीच्या वरच्या खिडकीत कोणी नाही, आणि फोन करावा तर तुम्ही उचलत नाही. म्हणून कागद घेतला. गंभीर गोष्ट शाईने आणि समास सोडून लिहावी, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगत. समास सोडला आहे. आता ऐका.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला राग आला की मी पहिल्यापासून सांगते. लेक नोकरीसाठी दूर गेली तेव्हा तिचं ते खेळाचं यंत्र दिवाणखान्यात ठेवून गेली आणि म्हणाली, धूळ बसू देऊ नकोस. मी धूळ बसू दिली नाही. त्या लढाईच्या खेळाचा चौथ्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक भाग आपण खेळलो, तुम्ही तुमच्या घरून, मी माझ्या. खरी लढाई, वन्सं! चिखल, काटेरी तार, साधी बंदूक, जी भरायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसाला थोडा विचार करता येतो. आणि ती पडक्या गावातली बेकरी. खाली काउंटरमागे मी, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते तशीच कानाला हेडफोन लावून. मलमपट्टीला आपले दातांचे डॉक्टर (दवाखाना बंद केला, पण 'थोडं दुखेल हं' म्हणायची सवय गेलेली नाही). आणि वर, पिठाच्या पोत्यांआड, खिडकीत तुम्ही. जन्मभर शिवणकाम शिकवलेली बाई, पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवणारी. तुमच्या नेमातून कोण सुटणार? आपले नियम दोनच होते. जागा सोडायची नाही, आणि एक बोलत असताना बाकीच्यांनी लाइन मोकळी ठेवायची. जगभरची तरणीताठी पोरं त्या बेकरीला वळसा घालून जायची.

आणि मग दहाव्या भागाची जाहिरात आली. आपण तिघांनी एकाच वेळी पाहिली. मला वाटलं, कोणी तरी चुकीची फीत लावली. सैनिकांच्या बुटांतून जाळ निघतोय, ते भिंतींवरून धावताहेत (भिंतींवरून! पाल धावते तसे), बंदुकीतून गोळीऐवजी निळा उजेड, आणि मागे कुठला तरी ग्रह आपली कडी मिरवत उभा. माझ्या पायाखालची वाळू सरकली, आणि बघते तर त्या सैनिकांच्या पायाखाली वाळू नव्हतीच. चिखल गेला, तार गेली, बेकरी गेली. डॉक्टर नुसते "आ" करून राहिले (हे ऐकू येतं, त्यांनी दुसऱ्यांकडून जन्मभर करून घेतलं आहे). आणि त्या शांततेत वरच्या खिडकीतून आवाज आला, "छान दिसतंय की गं."

मी अत्यंत संयमाने विचारलं, "वन्सं, चष्मा लावलाय ना?"

"लावलाय. म्हणून तर म्हणतेय. तुला काय, बूट जरा वेगळे दिसले की धर्म बुडतो."

हे वाक्य मी विसरलेली नाही. पण त्या रात्री मी तुमच्यावर चिडले नाही, कंपनीवर चिडले. या खेळाच्या चाहत्यांचा जो चव्हाटा आहे तिथे गेले, तर तिथे आधीच आगडोंब. कोणी लिहिलं होतं, आम्हाला चिखल परत द्या. एकाने आठव्या भागाची तबकडी गळ्यात ताईत बांधावा तशी बांधून फोटो टाकला होता. एकाने रणगाड्याला फुगे बांधलेलं चित्र काढून खाली 'अकरावा भाग' लिहिलं होतं. शिव्या तर अशा, की अख्खी नोकरी लोकांची बोलणी जोडून दिलेल्या माझ्यासारख्या बाईलाही दोन नवीन मिळाल्या. मी ठरवलं, इथे कोणी तरी सभ्य भाषेत बोललं पाहिजे. उजवीकडे तारीख घातली, 'मान्यवर महोदय' घातलं, कंपनीच्या गाफीलपणाचे चार परिच्छेदांत वाभाडे काढले आणि शेवटी 'आपली विश्वासू' लिहिलं. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? त्या पोरांनी ठरवलं की मी माणूस नाही! इतक्या रागात इतकी सभ्य भाषा माणसाची असूच शकत नाही, हा कंपनीने सोडलेला यंत्रमानव आहे, असा ठराव झाला. एकाने मला विचारलं, "आजी असशील तर सिद्ध कर." कसं सिद्ध करणार? गुडघ्यांचा एक्स-रे लावू? भविष्यकाळाच्या विरोधात उभी राहिलेली मी, आणि भविष्यकाळाचा यंत्रमानव म्हणून मलाच हाकलून दिलं. वन्सं, मी अर्धा तास नुसती भिंतीकडे बघत बसले. (तिच्यावरून कोणी धावत नव्हतं, एवढंच समाधान.)

शब्दांनी होत नाही तिथे शिस्तीने होतं. त्या जाहिरातीखाली नापसंतीचा उलटा अंगठा होता. मी एक्स्चेंजच्या आमच्या सगळ्या निवृत्त मैत्रिणींना कामाला लावलं. तुम्हालाही सांगितलं होतं, आठवतं ना? रोज सकाळी, चहा झाल्यावर, न चुकता, एकदा अंगठा दाबायचा. आमच्या बायका हुकमाच्या पक्क्या. एकीनेही खाडा केला नाही. पहिल्या दिवशी आकडा वाढला. दुसऱ्या दिवशी घसरला. तिसऱ्या दिवशी वाढला, चौथ्या दिवशी पुन्हा घसरला. मी हबकले. आमच्यात कोणी तरी फितूर आहे, आणि तो रोज आमची मेहनत पुसतोय! मग विचार केला, 'छान दिसतंय' कोण म्हणालं होतं? आणि त्या रविवारी, बेकरीत, डॉक्टरांच्या देखत, मी जे बोलले ते बोलले.

तुम्ही एवढंच म्हणालात, "मी एकदाच दाबला होता, तुझ्या समाधानासाठी. पुन्हा त्या बाजूला फिरकलेही नाही." आणि हेडफोन काढून ठेवलात. तो आवाज मी ओळखते. लाइन तुटल्याचा आवाज.

आता पुढचं बसून वाचा. परवा सकाळी मी चहा संपवून अंगठा दाबत होते, तर तुमचे बंधुराज मागे येऊन उभे राहिले. "अगं, हे तू रोज करतेस?" म्हटलं, रोज. "अगं वेडे, एकदा दाबलं की लागतं, पुन्हा दाबलं की निघतं. दिव्याच्या बटणासारखं आहे ते." उभी हयात स्विचबोर्डापुढे काढलेल्या बाईला हे एका अशा माणसाने सांगावं, ज्याला अजून गिझर कुठून लावायचा ते विचारावं लागतं! म्हणजे आम्ही सगळ्या दिवसाआड आमचाच निषेध परत घेत होतो. आणि त्या सगळ्या काळात आमच्या बाजूने अढळ उभा राहिलेला अंगठा एकच होता. तुमचा.

मी माफी वगैरे मागणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. पण एक्स्चेंजमध्ये चुकीचा नंबर लागला, तर आम्ही वाद घालत नसू. लाइन सोडवून पुन्हा जोडत असू. तो चुकीचा नंबर होता, एवढं समजून घ्या.

गेल्या रविवारी डॉक्टर आणि मी बेकरीत गेलो. बसलो काउंटरमागे. कोणी आलं नाही. सगळी पोरं, चिखल परत द्या म्हणून ओरडणारी, तबकडी गळ्यात बांधणारी, दहावा भाग बाजारात येताच तिकडे निघून गेली होती. वन्सं, ज्यांच्यापासून जागा राखायची ते शत्रूसुद्धा उरले नव्हते. डॉक्टरांनी कंटाळून मलाच मलमपट्टी केली. काही लागलेलं नसताना. मी वर बघितलं. खिडकीत नुसती पोती.

असो. माझं म्हणणं आजही तेच आहे, की लढाई जमिनीवर व्हावी आणि बुटांतून जाळ निघू नये. त्यावर तडजोड नाही. तब्येतीला जपा. बंधुराजांचा नमस्कार (झोपलेत, पण जागे असते तर सांगितला असता).

तुमची,
धाकट्या भावाची बायको

ता. क. दहावा भाग आमच्या घरी आला आहे. मी आणलेला नाही. दुकानात मी गेले होते हे खरं, पण पिशवी तुमच्या भावाच्या हातात होती.

ता. क. आणखी एक. शत्रूचा अभ्यास असावा म्हणून सरावाच्या मैदानात ते बूट घालून पाहिले. एकच उडी मारली. सध्या मी अंतराळातल्या एका गोदामाच्या छतावर आहे आणि खाली यायचं बटण सापडत नाही. डॉक्टर खालून ओरडतात, "मारा उडी, थोडं दुखेल." यंत्र बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून चालूच ठेवलं आहे, ते तापू नये म्हणून बंधुराजांनी त्यावर टेबलफॅन लावला आहे आणि स्वतः घामाघूम झोपले आहेत.

ता. क. शेवटचं. या खेळात ओळखीची माणसं कोण कोण आली आहेत त्यांची यादी दिसते. तुमच्या नावापुढे हिरवा दिवा आहे. आणि तीन तारे. तीन रविवारांत तीन तारे, वन्सं! मला केवढा धक्का बसला ते लिहीत नाही. समास संपत आला. एवढंच सांगते, की या छतासमोर एक उंच खिडकी आहे आणि तिथून सगळं मैदान दिसतं. डॉक्टर बसायला गेले होते, त्यांना उठवलं. रविवारी चार वाजता मी लाइन मोकळी ठेवते.