बियाण्याचा भोपळा

२ जुलै १९२६

अकोल्याहून बैलांच्या दमणीने निघालो तो दुपार कलायच्या आत इथे पोहोचलो. हाडे खिळखिळी झाली, पण मन प्रसन्न आहे. बार्शीटाकळीच्या अलीकडे, नदीकाठी भगवंत माळ्याचा हा मळा. शेतकी खात्याने त्यातला एक तुकडा भाजीपाल्याच्या प्रयोगांसाठी भाड्याने घेतला आहे आणि मळ्यातलीच दोन खोल्यांची कौलारू जागा मला राहायला दिली आहे. पुढे ओटा, शेजारी विहीर, पलीकडे वांगी, कोथिंबीर, शेवंती. प्रयोगाला याहून बरी जागा मिळणे कठीण, आणि माणसाला याहून मठ्ठ शेजार मिळणेही कठीण.

भगवंत साठीचा आहे आणि फारसा बोलत नाही. त्याची कसर बायको गंगूबाई भरून काढते. सामान उतरायच्या आत तिने माझे लग्न, जात, पगार सगळे विचारून घेतले. सौ. सातव्या महिन्यात असून अमरावतीला राजापेठेत माहेरी आहे, हे कळल्यावर तर तिला भलताच आनंद झाला. माझी वळकटी सौ.च्या जुन्या लुगड्यात बांधलेली होती. तो कपडा मिळेल का, असे तिने विचारले. मी देऊन टाकला. अशा लोकांना चिंधीसुद्धा ठेव वाटते.

९ जुलै

लुगड्याचे कारण आज समजले. इथल्या माळ्यांत एक खूळ आहे. घरात कोणी बाळंत व्हायची असली की तिच्या नावाने घरच्या बियाण्यातला एक भोपळा लावायचा. वेलावर पहिले मादीफूल आले की ते दोऱ्याने बांधायचे, म्हणजे परक्या वेलावरची माशी शिरत नाही, आणि संध्याकाळी त्याच वेलाचे नरफूल त्यावर टेकवायचे. फळ धरले की आईच्या लुगड्याची झोळी करून त्यात ठेवायचे. मूल जन्मले की त्याच दिवशी देठ कापून भोपळा शिजवायचा आणि बाळंतिणीला घालायचा. जोवर देठ तुटत नाही तोवर लेकरू वेलाचे, तुटला की आईचे, असे गंगूबाई म्हणते.

तिची सून जयवंता अवघडलेली आहे, तिचा भोपळा झोळीत लोंबकळतोच आहे. आता गंगूबाईने माझ्या होणाऱ्या मुलाच्या नावानेही एक बी माझ्या ओट्यापुढे टोचले. मी हसून होकार दिला. नागपूरच्या कॉलेजात चार वर्षे अनुवंशशास्त्र शिकलो तो या दिवसासाठी.

१२ ऑगस्ट

जयवंताला दुपारी मुलगी झाली. गंगूबाई हातची कामे टाकून विळा घेऊन वेलाकडे धावली. मुलीचे तोंड नंतर पाहिले, देठ आधी कापला. भोपळ्याची भाजी मलाही वाटीभर आली. गूळ घालून केली होती, चांगली होती. मूर्खांच्या हातालाही चव असते हे कबूल केले पाहिजे.

माझ्या मुलाच्या नावाचा वेल मांडवावर चढला आहे. पाने तळहातापेक्षा मोठी आली आहेत.

२६ ऑगस्ट

आजचा दिवस कामाचा गेला. इथला भोपळा मधूनच एखाद्या वर्षी कडू निघतो आणि ही मंडळी त्याला दृष्ट लागली म्हणतात. खरे कारण कुंपणावर आहे. तिथे रानटी कडू भोपळ्याचा वेल पसरला आहे, फळ लहान, गर्द हिरवे, अंगभर पांढुरके ठिपके. माशा त्याचे पराग इकडे आणतात. गुण हे घटकांनी ठरतात. आईचा एक, बापाचा एक. दोन्हींत जो प्रबळ तो दिसतो, दुसरा दबून राहतो आणि नातवंडांत डोके वर काढतो. वाटाणे पेरणाऱ्या त्या परदेशी साधूने हे सिद्ध करून साठ वर्षे झाली, आणि इथे अजून मिरच्या ओवाळतात.

कडूपणा प्रबळ आहे हे मला दाखवायचे आहे. त्यासाठी माशी न शिरलेले फूल हवे. ते गंगूबाईने दोरा बांधून आयतेच तयार ठेवले होते, माझ्या वेलावर. संध्याकाळी फूल उमलले तेव्हा ती येण्याआधी दोरा सोडला, कुंपणावरचे कडू नरफूल त्यावर चोळले आणि दोरा पूर्ववत बांधला. नंतर तिने येऊन मोठ्या भक्तीने आपले फूल टेकवले. मला हसू आवरेना.

जाता जाता, माझ्या मुलाचे डोळे घारे असणार. मी घारा, सौ. घारी. घारेपणा हा दबलेला गुण आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो, म्हणजे आम्हा दोघांकडे दुसरे काही द्यायलाच नाही. स्थळ पाहताना मी तिचे डोळे आधी पाहिले होते, बाकीचे नंतर.

१० सप्टेंबर

एक विचित्र गोष्ट. फळ धरले, सौ.च्या लुगड्याच्या झोळीत बसले, आणि त्याच्या पाठीवर पांढुरके ठिपके उमटले आहेत. कुंपणावरच्या भोपळ्यासारखे हुबेहूब.

हे होऊ शकत नाही. फळाची साल ही आईच्या देहाचा भाग. परागांतून बापाचे जे येते ते बियांत जाते. बी पेरावे तेव्हा पुढच्या वेलाच्या फळावर ते दिसावे. आईच्या अंगावर बापाचे ठिपके उमटत नसतात. एखादा रोग असेल. पण बाकीच्या फळांना नाही. गंगूबाई बराच वेळ झोळीपाशी उभी होती, मग दोरा कोणी सोडला होता का असे तिने विचारले. मी नाही म्हणालो. माळणीला प्रयोगाची कैफियत द्यायला मी बांधलेला नाही.

२३ सप्टेंबर

तार आली. मुलगा झाला, दोघे सुखरूप. अकोल्याहून पेढे मागवले.

गंगूबाई विळा घेऊन दारात उभी राहिली. मी कापू दिला नाही. बी पक्व व्हायचे तर फळ देठ सुकेपर्यंत वेलावर राहिले पाहिजे, आणि ज्या फळावर बापाचे ठिपके उतरले त्याचे बी साऱ्या देशात कोणाकडे नसेल. खात्याच्या साहेबांपुढे ठेवले तर माझे नाव होईल. हे तिला सोपे करून सांगितले. तिने विळा खाली केला. मग म्हणाली, "साहेब, तुमाले बी पायजे का लेकरू पायजे? दोन्ही नाई भेटत."

मी तिला वाटेला लावले. भगवंतालाही बजावले की त्या वेलाला कोणी हात लावला तर खात्याचे भाडे बंद होईल. त्याने मान डोलावली. या लोकांना एवढीच भाषा कळते.

५ ऑक्टोबर

सासरेबुवांचे पत्र. बाळ अंगाने भरले आहे पण दूध नीट घेत नाही, घेतले तर तोंड वाकडे करते. पाठीवर जन्मतः पांढुरके डाग आहेत; वैद्य म्हणतात जातील. शेवटी मोठ्या कौतुकाने लिहिले आहे की डोळे काळेभोर आहेत.

दोन घाऱ्यांच्या पोटी काळे डोळे येत नाहीत. येतच नाहीत. एक तर नियम खोटा, नाही तर—

मी तसे पत्र लिहिले. सरळ लिहिले, आडपडदा ठेवला नाही. आपल्या मुलीला विचारा, असे लिहिले. राजापेठेतल्या अब्रूदार घराची ही तऱ्हा. पाठीवरच्या डागांचा विचार पत्र टपालात पडल्यावर मनात आला. झोळीकडे पाहायचे टाळतो आहे. योगायोग आहे.

१४ ऑक्टोबर

भोपळा निबर होतो आहे. हिरवेपणा जाऊन साल पिवळी पडली, नखाने ओरखडा उठत नाही.

सासरेबुवांचे कार्ड. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. बाळ आता रडत नाही. अंगाची कातडी कोरडी पडली आहे, तेल लावले तरी मुरत नाही, वरच राहते. रंग पिवळट.

मी स्वतः गंगूबाईच्या दारी गेलो. मला तिच्याकडे जावे लागले याचा राग येतो आहे. देठ न कापता ठेवला तर काय होते, असे विचारले. तिने जयवंताच्या मुलीला पदराखाली घेतले आणि माझ्याकडे न पाहता सांगितले, "आजलोक कोनी ठेवलाच नाई. मले काय माईत."

एवढेच. इतके दिवस तोंडाचा पट्टा, आणि हवे तेव्हा एवढेच.

२१ ऑक्टोबर

चाकू घेऊन वेलापाशी गेलो होतो.

कापला तर बी कच्चे राहील. चार-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. आणि कापायचा तो कशासाठी? अडाणी बाईच्या बोलण्यावरून? मग मी आणि भगवंत यांत फरक काय राहिला? परत आलो.

पुन्हा गेलो. देठाला चाकू लावला आणि हात थांबला. जन्मदिवशी कापायचा होता. आज कापला तर तुटते काय, हे कोणालाच माहीत नाही— मला नाही, तिलाही नाही.

कापणे नको. ठेवणेही—

२८ ऑक्टोबर

वेल वाळतो आहे. पाने गळाली. बुडाशी पाणी घालतो, बादल्यांमागून बादल्या. भगवंत मोट सोडून बघत राहिला होता. भोपळ्याचा वेल एका हंगामाचा असतो, हे मी मुलांना शिकवू शकेन, तरी पाणी घालतो आहे.

सौ. निघते आहे म्हणून कार्ड. तिच्याच हातचे. बाळाला घेऊन येते, पत्रात लिहिलेत ते समोरासमोर सांगा म्हणते.

३ नोव्हेंबर

सकाळी देठ आपोआप सुटला. भोपळा झोळीत पडला होता. देठ काळा, ताठ.

गंगूबाईला सांगितले. आता कापायचे काही उरले नाही, म्हणाली. माझी कीव करते आहे. माळीण, माझी.

भोपळा टेबलावर आणला. हलक्या हाताने हलवला. वाळलेल्या भोपळ्यात बिया वाजतात. हा वाजत नाही. जोराने हलवला. कान लावून हलवला. काही नाही.

पोकळ आहे. एवढे सगळे करून— एक बीसुद्धा नाही.

५ नोव्हेंबर

सौ. आली. दमणीतून उतरली, नमस्कार केला नाही. बाळ माझ्या मांडीवर ठेवले, पालथे, आणि अंगडे वर केले.

"पाठ बघा," ती म्हणाली. "हे आमच्याकडचं का तुमच्याकडचं, तेवढं सांगा."

ठिपके. तेच. त्याच जागी. मी तिची माफी मागितली. तोंडाने नीट आले नाही, पण मागितली. ती रडली. मग हातपाय धुवायला विहिरीवर गेली.

बाळ हलके आहे. फार हलके. डोळे काळे, उघडे, पापणी लवत नाही. कातडी कडक. बोटाने टकटक केले तर—

टकटक कशाला केले मी.

सौ. परत आली. टेबलावरचा भोपळा पाहून तिला बरे वाटले. बाळाला खुळखुळा होईल म्हणाली. ओट्यावर बसून हलवते आहे. वाजत कसा नाही हो हा, असे विचारते आहे.

मी बाळाला खांद्यावर घ्यायला उचलले. जरासे हलले.

वाजले.

पुन्हा उचलले. खुळखुळ. पुष्कळ बिया आहेत. भरलेल्या, पक्व. आवाजावरून कळते, ते मला शिकवले आहे.

बी आहे. फुकट गेले नाही. बी आहे आत—

हे मी काय लिहिले.

चाकू टेबलावर आहे. मी तिकडे पाहत नाही. गंगूबाईला हाक मारली पाहिजे, चाकू तिच्या हातात दिला पाहिजे, बाळही तिच्याच— सौ. आत यायच्या आत, मी पुन्हा हलवून पाहायच्या आ—