नारळ आडवाच राहिला

शनिवार, चैत्र. दिवेलागण.

रुमालावरचं रक्त निघत नाही.

दूध सोसायटीच्या बोअरची जागा दाखवायला आज पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, तो उभा राहील तिथं पाणी. लिंबाखाली नारळ उभा राहिला. मीच म्हणालो, आता डोळे बांधून चाला. विज्ञान शिकवतो ना मी! माझाच रुमाल बांधला. लिंबाखाली नारळ आडवाच. उभा राहिला तो थेट उकिरड्यावर.

वाटलं, आता लोक विचार करतील. कसला विचार? चेअरमननं त्याच्या कानाखाली जाळ काढला, मग सगळेच तुटून पडले. लाथा, चपला. कपाळ फुटलं. डोळ्यांवर रुमाल तसाच. कोण मारतंय हेही त्याला दिसेना. मी ओरडतोय, ऐकतो कोण? चेअरमन धापा टाकत म्हणाला, "ह्यो भोंदू निघाला. गेवराईचा खरा हाय, उद्या त्याला आणू."

एवढंच सिद्ध केलं मी?

पाणाड्याला घरी आणून जखम धुतली. जाताना त्यानं तोच रक्ताळलेला रुमाल माझ्यापुढं धरला. "सर, म्या कुणाला फसवलं न्हाई. नारळ आपसूक उठतो. मग डोळे बांधल्यावर लिंबाखाली कावून उठला न्हाई? परत बांधा. मलाबी बघायचंय."