पान सतरावरील त्रिकोण माझा नसल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय, थॉर्नबेक, यॉर्कशायर.

विषय : न वाचलेली कादंबरी ‘वाचली’ असे धरून नाकारल्याबद्दल.
संदर्भ : मिस पिकर्सगिल यांचा दि. ६ रोजीचा तोंडी नकार.

महोदय,

१. मी, एनिड गारफर्थ, वय ७४, आपली बेचाळीस वर्षांची सभासद आहे. तीच रहस्यकथा पुन्हा घरी नेऊ नये म्हणून आम्ही म्हातारे वाचक पान सतरावर पेन्सिलीने आपापली खूण करतो. नियमात बसत नसूनही आपण काणाडोळा करता, याबद्दल आभारी आहे. माझी खूण त्रिकोण.

२. शंभर वर्षांपूर्वीच्या एका हवेलीत नाताळच्या जेवणात खून होतो, ती कादंबरी मी मंगळवारी मागितली. मिस पिकर्सगिल यांनी पान सतरा उघडले आणि पुस्तक मागे ओढले. “मिसेस गारफर्थ, हा बघा तुमचा त्रिकोण. वाचून झालंय तुमचं. नाताळची रांग आहे हो, दुसऱ्यांना मिळू दे.” मी वाचले नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी ज्या दयेने पाहिले ती अजून झोंबते आहे. सायंकाळी पाद्रीसाहेब सहज म्हणून आले आणि चहा पिता पिता आज वार कोणता, पंतप्रधान कोण, असे विचारू लागले. मी दोन्ही बरोबर सांगितले. पंतप्रधानांविषयी तर जरा जास्तच सांगितले.

३. खरे सांगते, मीही घाबरले. अख्खा खून विसरणारी बाई उद्या गॅस विसरेल. म्हणून दोन दिवस आपल्या कपाटांपुढे उभी राहून तपास केला. ही धरून चौदा पुस्तकांतले त्रिकोण माझे नाहीत. माझा त्रिकोण पुरता मिटलेला असतो, यांचा खालचा कोपरा उघडा आहे. चौदाही खून नाताळातले. उन्हाळ्यातल्या खुनांना कोणी हात लावलेला नाही. माझे यजमान विल्फ्रेड सुतार होते आणि फळ्यांवर अगदी असाच उघड्या कोपऱ्याचा त्रिकोण काढत.

४. हेतूही स्पष्ट आहे. १९६१ च्या नाताळात मी अशीच कादंबरी वाचत बसले आणि ओव्हनमधल्या टर्कीचा कोळसा झाला. अकरा पाहुणे पाव-लोणच्यावर उठले. यजमान चकार शब्द बोलले नाहीत. डिसेंबर लागला की ते माझ्याआधी ग्रंथालयात का जात, हे आता कळले. आरोपी गेल्या मार्चमध्ये वारल्याने त्यांचा जबाब जोडता येत नाही. मी त्यांच्यावर फार चिडले आहे, आणि ते ऐकून घ्यायला समोर नाहीत याचाही राग येतो.

५. तरी सदर कादंबरी मला चोवीस तारखेपूर्वी मिळावी. यंदा टर्की आणलेली नाही. जेवायला मी एकटीच आहे, त्यामुळे काही करपण्याची भीती नाही. वाचून झाल्यावर मी माझा त्रिकोण त्यांच्या त्रिकोणाशेजारी काढीन. जानेवारीत आपण सगळ्या खुणा खोडरबराने पुसणार आहात असे समजते. ते चौदा तेवढे पुसू नयेत.

आपली नम्र, आणि स्मरणशक्ती शाबूत असलेली सभासद,
एनिड गारफर्थ
९ डिसेंबर १९८८

सोबत : यजमानांच्या हातची फळी, त्रिकोणासह. पाहून झाल्यावर परत मिळावी.