दिवाळी झाली की येते

॥ श्री ॥
मरीन परेड, सिंगापूर
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. स्मितावन्संस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नणंदेला पत्र लिहिणारी मी या कॉन्डोतली एकमेव बाई असेन, पण इलाज नाही. तुझ्या भाच्याने, रुचिरने, माझा फोन घरच्या टीव्हीला जोडून दिल्यापासून तू पाठवलेलं प्रत्येक वाक्य दिवाणखान्यात भिंतभर झळकतं. मागे तू सुनेच्या हातच्या पुरणपोळीची चौकशी केलीस, तेव्हा सून समोरच बसली होती. तेव्हा कागदच बरा. तो अजून तरी कशाला जोडता येत नाही.

तुझा बेत दोनदा वाचला. पन्नाशीत नोकरी सोडून राजस्थानच्या सहली काढायच्या म्हणजे तुला वेड लागलंय, आणि मला तुझा हेवा वाटतोय. गड, महाल, वाळवंटातली खेडी. पहिली तुकडी ९ नोव्हेंबरला जोधपूरहून निघणार. आणि प्रत्येक ठिकाणचा इतिहास मी सांगायचा! अगं, उभा जन्म पुण्यातल्या शाळेत मी मारवाड-मेवाड फळ्यावर खडूने काढलं. हात लावून एक भिंत पाहिलेली नाही. मी येणार. शाईने लिहिते आहे.

आता इथलं. तुझे दादा गेल्यावर, नात क्षिप्रा केजीत जाईपर्यंत म्हणून मी आले. जानेवारीत ती प्रायमरी वनला, म्हणजे पहिलीत जाईल. मला कुणी अडवलेलं नाही, हीच तर अडचण आहे. सासुरवास असता तर भांडून निघाले असते. रुचिर वन-नॉर्थच्या ऑफिसातून येतो तो कानात हेडफोन घालूनच. गार्गी गोड आहे. जन्म इथला, आई-वडील बँकेतले, मराठी समजते पण शब्दाला शब्द धरून. ती रोज मला थँक यू म्हणते. दिवसातून इतक्यांदा आभार मानल्यावर माणूस पळून कसा जाणार?

आमच्या इमारतीच्या नावात ‘पॅलेस’ आहे. दारात पहारेकरी आहे, कार्ड टेकवल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दुपारी क्षिप्राला मँडरिनच्या क्लासला सोडून मी बाहेरच्या बाकावर बसते. शेजारी एक चिनी आजी बसते. एकमेकींची भाषा येत नाही, पण सुस्कारा एकच आहे.

या शनिवारी जेवताना सांगूनच टाकते. घरच्यांना आशीर्वाद.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
सुचित्रावहिनी

॥ श्री ॥
जैसलमेर
२४ ऑगस्ट २०२५

ती. सुचित्रावहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा होकार वाचून या उन्हातही गार वाटलं. सध्या मुक्काम जैसलमेरला. सहलीच्या जागा आधी पाहून ठेवते आहे. वहिनी, हा किल्ला तुम्ही फळ्यावर काढलात तसा मुळीच नाही. यात माणसं राहतात! बुरुजावर चादरी वाळतात, तोफेशेजारी कुणाची तरी स्कूटर. दारात बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, की किल्ल्यात राहायला कसं वाटतं. तर त्या म्हणाल्या की पाहायला येणाऱ्यांना छान वाटतं.

काल वाळवंटातल्या एका गावी गेले होते. पावसाचं पाणी साठवायला जमिनीत हौद असतो, त्याला ते टांका म्हणतात. आपल्या सह्याद्रीवरचं टाकंच की! मी हरखले. पण सोबत शिरीषराव होते. माझ्या जुन्या ऑफिसातले, आठवत असतील. निवृत्त झाल्यापासून मोकळेच आहेत. ते लगेच म्हणाले, की हा शब्द यांनी आपल्याकडून उचलला. राजवाड्याचा सज्जा पाहिला की त्यांना रायगड आठवतो, आणि बाजरीचा सोगरा खाताना ते सांगतात की ही भाकरीच, फक्त थापणारीला घाई होती. तुम्ही आला नाहीत तर बसमध्ये माइक यांच्या हाती जाईल. पाहुण्यांना उंट परवडला.

एक मात्र सांगते. जाहिरातीवर नाव छापायचंय. माझ्या साठवणीतलं सगळं मी यात घातलंय, आणि ‘इतिहासाच्या बाई बरोबर असतील’ यावर निम्म्या बायकांनी नावं दिली आहेत. दसऱ्याच्या आत पक्कं कळवा. शनिवारी काय झालं?

आपल्या लोभात वाढलेली,
स्मिता

॥ श्री ॥
मरीन परेड
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. स्मितावन्संस,
अ. उ. आ.

शनिवारी काय झालं ते ऐक, आणि हसू नकोस.

ताटं वाढली, सगळे बसले, आणि मी स्वच्छ सांगितलं, की दिवाळी झाली की मी येते. आपल्या घरात एवढं म्हटल्यावर घास हातात राहतो. मग कुठे, का, इतक्यात का, असं सुरू होतं. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं हे तुझ्या आईने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. माझ्या तोंडून एकदा गेलं तर मला परत आत बोलावून पाण्याचा घोट प्यायला लावला होता. तेव्हापासून मी भाजी आणायलासुद्धा ‘येते’ म्हणून निघते.

गार्गी उठून गळ्यात पडली. शुअर आई, ऑफ कोर्स, असं म्हणाली. रुचिर मान खाली घालून आमटी ओरपत राहिला. मला वाटलं, सुटले! दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, एकटीने बसून कोपी (इथली कॉफी) प्यायले, आणि वहीच्या मागच्या पानावर मेहरानगडाचा नकाशा काढला.

परवा गार्गीने तिकिटं आणून दिली. ५ ऑक्टोबरला सिंगापूर ते मुंबई, आणि भाऊबीज झाल्यावर २६ ऑक्टोबरला परत! तिने शब्दाला शब्द धरला होता. दिवाळी झाली की मी ‘येते’, म्हणजे दिवाळीला पुण्यात जाते आणि मग इथे येते. त्या भरवशावर तिने ऑफिसात जकार्ताची वरची जागा घेतली. एक आठवडा तिथे, एक इथे. कामाला बाई ठेवणार होते, ती रद्द. माझा व्हिजिट पास वाढवायचा अर्जही गेला. आणि हे सगळं माझ्याच संमतीने. मी ‘येते’ म्हटलं होतं ना!

रुचिरचं मराठी तर पुण्यात पक्कं झालेलं. त्याला तेव्हाच कळलं होतं. पण सोयीचं असलं की चांगल्या भाषिकालाही अर्थ लागत नाही.

आता कोणत्या तोंडाने सांगू? ती आनंदात नवी बॅग घेऊन आली आहे. रिकामी असेपर्यंत क्षिप्रा तिच्यात बसून आजी मला पुल कर लाह, असं इथल्या सगळ्यांसारखं शेवटी ‘लाह’ लावून सांगते, आणि मी ओढते. वन्सं, काही सुचव.

अडकलेल्या माणसावर जास्त लोभ करावा,
सुचित्रावहिनी

॥ श्री ॥
जोधपूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. सुचित्रावहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालात. हसले नाही, चिडले. सोपं आहे. ५ तारखेच्या विमानात बसा आणि २६ तारखेच्या विमानात बसू नका. पुण्याहून फोन करा की पाठ धरली आहे.

हे लिहिलं खरं, पण तुम्ही करणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही पाठ धरल्याचं नुसतं सांगितलंत तरी तुमची पाठ खरंच धरेल. मग राहिलं एकच. जो शब्द माझ्या आईने तुम्हाला बोलू दिला नाही, तो बोला. आई आता पाणी पाजायला येणार नाही.

मेहरानगडावर आज जनान्यात उभी होते. दगडात इतकी नाजूक जाळी, की आतून सगळं दिसतं आणि बाहेरून कुणी नाही. शिरीषरावांनी नक्षीचं कौतुक केलं. मला घुसमटायला झालं, तुमची आठवण आली, आणि रागही आला. राण्यांना दार नव्हतं, वहिनी. तुम्हाला नुसती भीड आहे.

वाईट बातमीही माझ्याच हातून जाऊ दे. दसऱ्यापर्यंत म्हटलं होतं, पण छापखाना तोवर थांबायला तयार नाही. छापखान्याला शिरीषरावांचं नाव दिलं. तीन बायकांनी लगेच नावं काढून घेतली. बाकीच्यांना अजून त्यांचा अनुभव नाही.

रागावले तरी तुमचीच,
स्मिता

॥ श्री ॥
मरीन परेड
३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. स्मितावन्संस,
अ. उ. आ.

काल दसरा झाला. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. इथल्या मराठी मंडळाने सोनेरी कागदाची वाटली. ती हातात घेऊन गार्गी नमस्काराला वाकली. आशीर्वाद द्यायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, की मी जाते.

रुचिरचा चेहरा पांढरा पडला. आई, असं अशुभ काय बोलतेस, म्हणून ओरडला. इतक्या दिवसांत त्याने हेडफोन काढून ऐकलेलं हे माझं पहिलं वाक्य. गार्गीला अशुभ वगैरे काही कळलं नाही. तिने शांतपणे विचारलं, की कुठे? आणि किती दिवस? मी सांगितलं: जोधपूरला. मग कायमची पुण्याला, आपल्या घरी. राहायला परत नाही. पाहुणी म्हणून बोलावलंत तर बघू.

ती मटकन खाली बसली. आता रडणार म्हणून मी पुढे झाले, तर ती हसायलाच लागली! मग एकेक बाहेर आलं. रुचिरने तिला सांगून ठेवलं होतं, की आईला पुण्यात एकटं वाटतं, तिची इथे गरज नाही असं तिला कधी वाटू देऊ नकोस. म्हणून बाई ठेवली नाही. म्हणून रोज थँक यू. मी रोज सकाळी करते तो उपमा तिला लहानपणापासून आवडत नाही. दोन वर्षं ती तो मागून मागून खाते आहे. आणि जकार्ताची जागा का घेतली, माहीत आहे? तिथे हॉटेलात नाश्त्याला आपल्या मनाचं खाता येतं!

रुचिरला मी विचारलं, की शनिवारी तुला अर्थ कळला होता ना? तर म्हणाला, की तुला खरंच जायचं असतं तर तू परत बोलली असतीस. खरंच होतं. मी परत बोलले नव्हते.

वन्सं, मला वाटत होतं मी कोंडलेली आहे. निघालं असं, की कोंडलेली ती होती आणि दारात मी बसले होते. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपली अडचण होत होती, हे कळण्यापेक्षा आपल्याला अडवून ठेवलंय हे जास्त सुखाचं असतं गं.

क्षिप्राने मात्र काही मनाला लावून घेतलं नाही. आजीची खोली आता माझी लाह, असं जाहीर करून तिने खिडकीत आपलं डायनोसॉर ठेवलं. परतीचं तिकीट रुचिरने स्वतः रद्द केलं. बाई मिळेपर्यंत क्षिप्राचे क्लास, डबा आणि तो बाक त्याच्याकडे. बाकावरच्या चिनी आजींशी आज त्याची ओळख करून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

शिरीषरावांचं नाव छापलंस, योग्य केलंस. मी बसमध्ये प्रवासी म्हणून मागे बसेन. ते चुकले की खोकेन. दुसऱ्या दिवसापर्यंत माइक मागे येईल असा माझा अंदाज आहे. नाही आला तर किल्ले तरी हाताने चाचपून पाहीन.

पुन्हा उघडावी लागू नये म्हणून बॅग बांधून दारात ठेवली आहे. आत्ता हे लिहिते आहे तर स्वयंपाकघरात गार्गी टोस्ट भाजते आहे, आणि गुणगुणते आहे. दोन वर्षांत तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. छान गाते.

लोभ करशीलच; फक्त मला ठेवून घेऊ नकोस.

तुझी,
सुचित्रावहिनी